गाण्यातला खटला आणि एफबीआयचे पत्र

ऑगस्ट १९८९ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेने प्रायॉरिटी रेकॉर्ड्स या गाण्यांच्या कंपनीला एक पत्र पाठविले. खाली सही होती सहायक संचालक मिल्ट अलरिक यांची. एन.डब्ल्यू.ए. नावाच्या गटाच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' या अल्बममधील एक गाणे पोलिसांवरील हल्ल्याला आणि त्यांच्या अनादराला चिथावणी देते, १९८८ या एका वर्षात ७८ पोलीस कर्तव्य बजावताना मारले गेले आहेत, आणि हे मत सर्वच पोलीस दलाचे आहे, असा त्याचा मतितार्थ. गाण्याचे नावसुद्धा पत्रात नव्हते. बंदी नाही, खटला नाही, नोटीस नाही. फक्त कळविले होते. पोलिसांनी 'फक्त कळविणे' म्हणजे काय असते, हे ज्याच्या वस्तीत हवालदार नुसता निरोप घेऊन येऊन गेला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

आज इतक्या वर्षांनी हा विषय काढण्याचे कारण आहे. आपल्या वस्त्यांमधील तरुण आता रॅप करू लागले आहेत. बाबासाहेबांवर, आरक्षणावर, अत्याचारावर ते लिहितात, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या फोनमध्ये, टी-शर्टवर एन.डब्ल्यू.ए. आहे. जुन्या कार्यकर्त्यांना ते शिवराळ थेर वाटते. उलट तरुणांना वाटते की हेच आमचे खरे भाऊ, यांच्याबद्दल वावगा शब्द ऐकून घेणार नाही. दोघांनीही त्या रेकॉर्डचा इतिहास नीट तपासलेला नाही असे माझे मत आहे.

सुरुवात पत्र लिहिणाऱ्यापासूनच करू. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच नावावरून, हे चळवळीतील प्रत्येकाला माहीत आहे. कमी माहीत आहे ते लॉस एंजेलिसमधील पँथरच्या शाखेबद्दल. तिचा नेता अल्प्रेंटिस कार्टर, ज्याला सगळे बंची म्हणत, हा मुळात रस्त्यावरच्या टोळीचा म्होरक्या होता. तुरुंगात त्याला राजकीय भान आले, आणि बाहेर आल्यावर १९६८ मध्ये त्याने टोळ्यांमधील पोरे पक्षात आणायला सुरुवात केली. एकमेकांवर सुरे चालविणारी पोरे सभेला बसू लागली. १७ जानेवारी १९६९ रोजी विद्यापीठाच्या आवारात दुसऱ्या एका कृष्णवर्णीय संघटनेच्या लोकांबरोबरच्या झटापटीत बंची कार्टर आणि जॉन हगिन्स गोळ्या लागून मेले. या दोन संघटनांमध्ये वैर पेटावे म्हणून एफबीआयने खोटी पत्रे आणि व्यंगचित्रे पसरविली होती. हा पँथरवाल्यांचा कांगावा नाही. अमेरिकन सिनेटच्या चर्च समितीनेच १९७६ च्या अहवालात तो प्रकार नोंदविला आहे. १९६९ च्याच डिसेंबरमध्ये शिकागोत फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी पहाटे अंथरुणात मारले, आणि चार दिवसांनी लॉस एंजेलिसमधील पँथरच्या कार्यालयावर शेकडो पोलिसांनी हल्ला चढविला.

टोळीतील पोरांना राजकारणाकडे वळविणारी संघटना अशी संपविली गेली. मग त्या गल्ल्यांत काय उगवणार? क्रिप्स आणि ब्लड्स या टोळ्या उगवल्या. आणि वीस वर्षांनी तीच एफबीआय गाण्याच्या कंपनीला हिंसेबद्दल चिंता कळविते.

आता कॉम्प्टनकडे वळू. लॉस एंजेलिसला खेटून असलेले हे लहानसे शहर. १९४८ पर्यंत तेथील घरांच्या खरेदीखतांतच अट असे की हे घर काळ्या माणसाला विकता येणार नाही. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, तेव्हा कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे घरे घेऊ लागली. ती कष्टाळू, पगारदार, घराला पुढे बाग असलेली कुटुंबे होती. १९६५ मध्ये शेजारच्या वॉट्समध्ये उठाव झाला, ३४ माणसे मेली, आणि गोऱ्यांनी घरे विकून पळ काढला. दुकाने गेली, कर गेला. १९८० च्या सुमारास जवळच्या साउथ गेटमधील फायरस्टोनचा टायर कारखाना बंद पडला, १९८२ मध्ये जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना बंद पडला. बापाची नोकरी गेली त्या घरातील पोरगा वयात आला तो नेमका क्रॅक कोकेनच्या बाजारात. १९८६ च्या कायद्याने या क्रॅकच्या ५ ग्रॅमला जी किमान पाच वर्षांची सजा ठेवली, तीच सजा गोऱ्या श्रीमंतांच्या पार्ट्यांतील भुकटी कोकेनला मिळायला ५०० ग्रॅम लागत. पदार्थ तोच, शंभरपट फरक. कायद्यात रंगाचा उल्लेख एका शब्दानेही नाही. आपल्याला असे कायदे वाचता येतात.

एप्रिल १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी 'ऑपरेशन हॅमर'खाली एका शनिवार-रविवारी हजारभर पोलीस रस्त्यावर उतरवून चौदाशेहून अधिक लोकांना पकडले. बहुतेकांना आरोप न ठेवताच सोडावे लागले. ऑगस्टमध्ये डॉल्टन अव्हेन्यूवरील घरांवर सुमारे ऐंशी पोलीस तुटून पडले. भिंती फोडल्या, संडासाची भांडी फोडली, कपड्यांवर ब्लीच ओतले. भूकंपात घर पडल्यावर जी रेडक्रॉस येते तिला या रहिवाशांच्या मदतीला यावे लागले. पुढे शहराला सुमारे चाळीस लाख डॉलर भरपाई द्यावी लागली. म्हणजे हे सगळे खरे होते हे शहरानेच पैसे मोजून मान्य केले.

त्याच १९८८ मध्ये 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' बाजारात आली. गटाच्या नावातील मधले अक्षर बाजूला ठेवले तरी शेवटचे अक्षर काळ्यांना हिणविण्यासाठी गोऱ्यांनी वापरलेल्या शिवीचे पहिले अक्षर आहे असे कोणाला वाटेल, पण ते पहिलेच अक्षर आहे. एन म्हणजे ती शिवी, पोरांनी स्वतःच स्वतःला लावून घेतलेली. गटात ईझी-ई, आइस क्यूब, डॉ. ड्रे, एमसी रेन आणि डीजे येला. ईझी-ईने रुथलेस ही स्वतःची कंपनी काढलेली, आणि तिचा माल विकण्याचे काम प्रायॉरिटीकडे. गंमत अशी की या प्रायॉरिटीची आधीची मोठी कमाई मनुक्यांच्या जाहिरातीतील नाचऱ्या बाहुल्यांच्या रेकॉर्डवर झाली होती. काळ्यांचीच जुनी गाणी मनुक्यांच्या तोंडी घातलेली! ती कोणाला खटकली नाहीत.

ज्या गाण्यावर पत्र आले ते निव्वळ शिव्यांचे गाणे आहे असा समज आहे. त्याचे नाव येथे छापता येत नाही, तेवढे ते शिवराळ आहेच, आणि त्यात पोलिसांना मारण्याची भाषाही आहे. ती लपविण्याचे कारण नाही. पण त्या गाण्याची रचना पाहा. ते न्यायालयाचे कामकाज आहे. डॉ. ड्रे न्यायाधीश होऊन बसला आहे. आरोपीच्या पिंजऱ्यात पोलीस अधिकारी उभा आहे. आइस क्यूब, रेन आणि ईझी-ई एकामागून एक येऊन साक्ष देतात की रस्त्यावर अडवून आमची झडती कशी घेतली, अंगावर सोन्याची साखळी आणि खिशात पेजर दिसला की गुन्हेगार कसे ठरविले, गोऱ्या साहेबाला खूष करण्यासाठी काळा पोलीसही काळ्यालाच जास्त कसा मारतो. शेवटी निकाल लागतो. पोलीस दोषी ठरतो आणि शिव्याशाप देत त्याला बाहेर नेले जाते. गाणे लिहिणाऱ्यांपैकी एक असलेला आइस क्यूब त्या वेळी जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. ज्यांची फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदली जात नाही त्यांनी आपले न्यायालय गाण्यात भरविले, असा माझा त्या गाण्याचा अर्थ आहे. १९७२ साली 'गोलपिठा'ची भाषा ऐकून नाक मुरडणारे आपल्याकडे कमी नव्हते. नाक मुरडणाऱ्यांचे एक बरे असते, त्यांना साक्ष ऐकावी लागत नाही.

खऱ्या न्यायालयात काय झाले तेही पाहू. ३ मार्च १९९१ च्या रात्री रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी दांडक्यांनी झोडपले. समोरच्या इमारतीतील एका रहिवाशाने ते कॅमेऱ्यात टिपले आणि जगाने पाहिले. खटला गोऱ्यांची वस्ती असलेल्या सिमी व्हॅलीत हलविला गेला. बारा ज्युरींपैकी दहा गोरे. २९ एप्रिल १९९२ रोजी चारही पोलिसांना शिक्षेविना सोडून देण्यात आले. शहर पेटले, साठच्या आसपास माणसे मेली. पुढे १९९३ मध्ये केंद्रीय न्यायालयात त्यांतील दोघे दोषी ठरले, पण तेही शहर जळाल्यानंतर. गाण्यातील निकाल आधी लागला होता. त्या पत्राचे ७८ पोलीसही खोटे नव्हते, त्यांनाही घरे होती. पण पोलिसांच्या हातून त्या वर्षी किती काळी माणसे मेली याचा आकडा त्या पत्रात नव्हता.

पत्राचा परिणाम व्हायचा तो झाला. पोलीस संघटनांनी गाण्याचे शब्द फॅक्सने एका शहरातून दुसऱ्या शहरात पाठविले. बंदोबस्त नाकारल्याने कार्यक्रम अडले. ६ ऑगस्ट १९८९ रोजी डेट्रॉइटमध्ये गटाने ते गाणे सुरू करताच साध्या वेशातील पोलीस मंचाकडे धावले आणि कार्यक्रम तेथेच संपला. शीर्षकगीताची चित्रफीत एमटीव्हीने दाखविली नाही, बहुतेक रेडिओ केंद्रांनी तर रेकॉर्डला हातच लावला नाही. अशा वेळी बाजूने उभे राहिले ते डॉन एडवर्ड्स हे गोरे काँग्रेस सदस्य, जे स्वतः पूर्वी एफबीआयचे अधिकारी होते. सरकारी यंत्रणेने गाण्यावर मत कळविणे हीच सेन्सॉरशिप आहे असे त्यांचे म्हणणे. रेकॉर्ड मात्र पत्र येण्याआधीच दहा लाख प्रतींवर गेली होती, आणि पत्राने तिची फुकट जाहिरात झाली. १९९१ च्या मार्चमध्ये ईझी-ई रिपब्लिकन पक्षाला सुमारे अडीच हजार डॉलर देऊन अध्यक्ष बुश यांच्या उपस्थितीतील मेजवानीला जाऊन जेवून आला! विद्रोह, विद्रोह म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

येथपर्यंत तरुण मित्र माझ्याशी सहमत असतील. पुढे कदाचित नसतील.

त्याच रेकॉर्डवर स्त्रियांविषयी जे आहे त्याचे काय? बाई म्हणजे पैशासाठी मागे लागणारी, बाई म्हणजे वापरून फेकायची वस्तू, आणि ही बाई गोरी नाही, तीही कॉम्प्टनचीच, काळीच. तिलाही तोच पोलीस अडवितो, तिच्याही बापाची नोकरी त्याच कारखान्यातून गेली. एफबीआयच्या पत्रात या ओळींबद्दल एक अक्षर नव्हते. राज्यसंस्थेला पोलिसाचा अपमान ऐकू आला, काळ्या स्त्रीचा आला नाही. गटाचे उत्तर ठरलेले होते की आम्ही वार्ताहर आहोत, रस्त्यावर दिसते ते सांगतो. हे उत्तर मला पटत नाही. पोलिसाच्या गाण्यात त्यांनी नुसती वार्ता सांगितलेली नाही. त्यांनी न्यायालय भरविले, साक्षी काढल्या, निकाल दिला. मग स्त्रीच्या बाबतीतच वार्ताहर का होता? तिच्यासाठी न्यायालय का बसले नाही?

जानेवारी १९९१ मध्ये हे गाण्यापुरते उरले नाही. डी बार्न्स ही रॅपवरील दूरचित्रवाणी कार्यक्रम चालविणारी तरुण कृष्णवर्णीय पत्रकार. आइस क्यूब पैशांच्या हिशेबावरून गट सोडून गेला होता, आणि तिच्या कार्यक्रमात त्याने जुन्या साथीदारांना टोमणे मारल्याचा राग होता. हॉलिवूडमधील एका पार्टीत डॉ. ड्रेने तिला भर लोकांत मारहाण केली. न्यायालयात त्याने आरोपाला विरोध केला नाही. दंड, काही काळ देखरेख आणि समाजसेवेचे तास यावर सुटला. गटातील इतरांनी मुलाखतींमधून उलट तिचीच टिंगल केली. त्याच वर्षी मे महिन्यात रेकॉर्ड-विक्री मोजण्याची संगणकीय पद्धत सुरू झाली. तोवर दुकानदारांच्या सांगण्यावर आकडे ठरत, आता गल्ल्यावरची प्रत्येक विक्री मोजली जाऊ लागली. आणि जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए.ची पुढची रेकॉर्ड देशात पहिल्या क्रमांकावर आली. तिचा उत्तरार्ध जवळजवळ सगळा स्त्रियांच्या विटंबनेचा आहे. विकत घेणाऱ्यांत उपनगरांतील गोऱ्या पोरांचा मोठा वाटा होता. पोलिसांवरची साक्ष त्यांनी किती ऐकली हे त्यांचे त्यांना ठाऊक, पण काळा पुरुष काळ्या बाईला शिव्या देतो आहे हा तमाशा त्यांनी पैसे देऊन पाहिला. बेल हुक्स यांनी १९९४ मध्ये हेच मांडले की या गाण्यांतील स्त्रीद्वेष ही काळ्या वस्तीची पैदास नाही, तो वर्चस्ववादी पुरुषी समाजाचाच माल आहे, आणि काळी पोरे तो पिकविणारी शेतमजूर ठरली आहेत. मालक दुसराच आहे.

यावर कृष्णवर्णीय स्त्रिया गप्प बसल्या नाहीत, पण एका बाजूलाही उभ्या राहिल्या नाहीत. सी. डेलोरेस टकर या मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर मोर्च्यात चाललेल्या नेत्या. त्यांनी १९९३ पासून गँगस्टा रॅपविरुद्ध आघाडी उघडली, टाइम वॉर्नर या बलाढ्य कंपनीच्या भागधारकांच्या सभेत जाऊन जाब विचारला. त्यांचा प्रश्न रास्त होता. पण त्यांनी सोबत घेतले विल्यम बेनेट या रिपब्लिकन पुढाऱ्याला, ज्याचा पक्ष त्याच वेळी गरीब आयांची सरकारी मदत तोडायला निघाला होता. टाइम वॉर्नरने १९९५ मध्ये आपला हिस्सा विकला, ती रेकॉर्ड कंपनी दुसऱ्या बड्या कंपनीकडे गेली आणि गाणी तीच राहिली. दुसरीकडे दक्षिण लॉस एंजेलिसच्या काँग्रेस सदस्या मॅक्सिन वॉटर्स यांनी १९९४ च्या सुनावणीत ही माझीच पोरे आहेत, त्यांच्या शब्दांची भीती वाटते तर ते शब्द जेथून येतात तेथे जाऊन पाहा, अशी भूमिका घेतली. शिव्या त्यांना आवडत होत्या असे नाही.

मला सर्वांत नेमके म्हणणे वाटते ते किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेचे. फ्लोरिडात टू लाइव्ह क्रू या दुसऱ्या एका गटाचा अल्बम १९९० मध्ये न्यायालयाने अश्लील ठरविला, गायकांना अटक झाली. गोऱ्यांचे अश्लील कार्यक्रम त्याच भागात राजरोस चालत असताना हे झाले. काळे पुरुष विद्वान गटाच्या बचावाला धावले आणि हा आमचा सांस्कृतिक विनोद आहे म्हणाले. क्रेनशॉ यांनी १९९१ मध्ये लिहिले की खटला वंशवादी आहे आणि गाणी स्त्रीद्वेष्टी आहेत, दोन्ही खरे आहे, आणि काळ्या स्त्रीला यातले एक निवडायला सांगणे म्हणजे तिला अर्धे कापणे आहे. आपल्याकडे 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिताना ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना बाहेरच्यांशी आणि घरातल्यांशी एकाच वेळी बोलावे लागले. तेव्हा हे आपल्याला परके वाटू नये. आपल्या रॅप करणाऱ्या पोरांना माझे सांगणे इतकेच की त्या रेकॉर्डमधून साक्ष देण्याची पद्धत घ्या, हवी तेवढी घ्या. पोलीस पत्र पाठवतील तेव्हा आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू. पण मंचावर चढण्याआधी गाणे घरातील बहिणीला ऐकवा आणि ती काय म्हणते ते ऐकून घ्या.

एन.डब्ल्यू.ए.चे पुढे काय झाले? ईझी-ई १९९५ मध्ये एड्सने गेला. आइस क्यूब चित्रपटांचा नट आणि निर्माता झाला. डॉ. ड्रेची भागीदारी असलेली हेडफोनची कंपनी अॅपलने २०१४ मध्ये तीन अब्ज डॉलरला घेतली. २०१५ मध्ये गटावर चित्रपट आला, खूप चालला, आणि त्यात डी बार्न्स नव्हती. तिने ते जाहीरपणे लिहिले तेव्हा ड्रेने आपण दुखावलेल्या स्त्रियांची वर्तमानपत्रातून माफी मागितली, तिचे नाव न घेता. २०१६ मध्ये गट रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला. २०१७ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' राष्ट्रीय ठेवा म्हणून जतनासाठी निवडली. ज्या सरकारच्या एका खात्याने पत्र पाठविले त्याच्याच दुसऱ्या खात्याने ती कपाटात ठेवली. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाने गुडघा रोवला, त्यानंतरच्या मोर्च्यांत तेच गाणे पुन्हा रस्त्यावर वाजले. २०२३ मध्ये ग्रॅमी देणाऱ्या संस्थेने एका पुरस्काराला डॉ. ड्रेचे नाव दिले. त्याच्या चार वर्षे आधी, २०१९ मध्ये, डी बार्न्सने आपल्याला राहायला घर उरलेले नाही असे सांगून लोकांकडे मदत मागितली होती.